न्यू ऑर्लिन्सला जेवायला जाताना: आधी वार बघा, मग हॉटेल

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमा शिजतो. घरात शिजतो, खानावळीत शिजतो, कोपऱ्यावरच्या बारमध्येसुद्धा शिजतो. पूर्वी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. बायका दिवसभर धुण्यात अडकलेल्या, म्हणून रविवारच्या जेवणातलं उरलेलं हॅमचं हाड आणि भिजवलेला राजमा सकाळीच मंद आचेवर चढवायचा. तो आपला आपण शिजत राहायचा आणि संध्याकाळी त्याच्यासोबत नुसता भात लावला की जेवण तयार. घरोघरी वॉशिंग मशीन येऊन कित्येक दशकं झाली, पण सोमवारचा राजमा-भात काही सुटला नाही. लुई आर्मस्ट्राँग याच शहरात जन्मला. तो पत्राच्या शेवटी ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ असं लिहून सही करायचा.

सुरुवातीलाच हे सांगण्याचं कारण असं की या शहराचं जेवण आपल्यासारखंच तिथीवाराचं आहे. आपल्याकडे संकष्टीला मोदक आणि संक्रांतीला तीळगूळ, तसा इथे ६ जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या आदल्या दिवशीच्या सणापर्यंत, किंग केक. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पालेभाज्यांचं गंबो, म्हणजे भाताबरोबरचा दाट रस्सा. लेंटच्या शुक्रवारी मासे. वसंतात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडं. इंटरनेटवरची ‘उत्तम दहा हॉटेलं’ची यादी घेऊन गेलं तर पोट भरतं, पण चुकीच्या वारी चुकीच्या दारात उभं राहिल्याने निम्मी गंमत हुकते. मी ह्यूस्टनला राहते. इथून न्यू ऑर्लिन्स गाडीने साडेपाच-सहा तास. पहिल्या फेरीत मी यादी घेऊन गेले होते आणि ‘सोमवार-मंगळवार बंद’ अशा पाट्या वाचत फिरले. नंतरच्या प्रत्येक फेरीत वार बघून आखणी केली. खालचा सगळा बेत तसाच, शुक्रवार ते सोमवारचा आहे.

आधी दोन शब्द: क्रिओल आणि केजन

मेनूवर हे दोन्ही शब्द एकाच दमात लिहिलेले असतात. पण ही दोन वेगळी घराणी आहेत.

न्यू ऑर्लिन्स १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलं. पुढे ते स्पॅनिश अंमलाखाली गेलं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने ते अख्ख्या लुइझियानासह विकत घेतलं. वसाहतीत जन्मलेले ते क्रिओल. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रेंच पद्धत होती, स्पॅनिश जिन्नस होते, चॉक्टॉ आदिवासींची वनस्पतींची जाण होती आणि चुलीपाशी प्रत्यक्ष उभ्या होत्या पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या बायका. क्रिओल जेवण हे शहराचं, बंदराचं जेवण. त्यात लोणी आहे, टोमॅटो आहे, कालवं-कोळंबी आहे आणि पांढऱ्या टेबलक्लॉथचा थाटही आहे.

केजन लोकांची कहाणी दुःखाची आहे. कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागात ‘अकेडियन’ नावाचे फ्रेंच शेतकरी राहत होते. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारासकट उठवलं आणि जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. त्यातले बरेच जण पुढच्या काही वर्षांत दक्षिण लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ माळावर येऊन स्थिरावले. अकेडियनचं बोलता बोलता केजन झालं. हाताशी येईल ते एका भांड्यात शिजवायचं, डुक्कर कापलं तर नाकापासून शेपटीपर्यंत काही वाया घालवायचं नाही, असं हे गावाकडचं जेवण. केजन म्हणजे जहाल तिखट हा मात्र गैरसमज आहे. आपल्या जिभेला ते मध्यम लागतं. त्याची ताकद मिरचीत नाही, पीठ भाजण्यात आहे.

तरी ‘क्रिओल शहराचं, केजन गावचं’ ही वाटणी फार ताणू नका. पश्चिमेकडच्या लफायेत शहराच्या आसपासच्या खेड्यांत काळ्या क्रिओल शेतकऱ्यांचीही पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. झायडेको हे नाचायला लावणारं संगीत त्यांचंच, आणि दोन्ही घरांतली भांडी एकमेकांच्या चुलीवर फिरत आलेली आहेत.

कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या त्रयीला दोन्हीकडे ‘ट्रिनिटी’ म्हणतात. आपल्या आलं-लसूण-खोबऱ्याच्या वाटणाची जागा इथे ती घेते.

भाजलेल्या पिठाची ओळख

शहरात शिरल्यावर पहिल्याच दिवशी, शक्यतो सकाळी, दोन-तीन तास स्वयंपाकाच्या वर्गात घालवा, असा माझा आग्रह आहे. फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागात सेंट लुई स्ट्रीटवर ‘न्यू ऑर्लिन्स स्कूल ऑफ कुकिंग’ आहे. तिथे समोर बसून प्रात्यक्षिक बघता येतं आणि केलेलं जेवताही येतं. एकदा रू म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिलं की पुढचे चार दिवस प्रत्येक वाटीत काय आहे ते कळत जातं.

रू म्हणजे सम प्रमाणात तेल (किंवा चरबी, किंवा लोणी) आणि मैदा. जड बुडाच्या भांड्यात ते मंद आचेवर ढवळत राहायचं. लाडवाला बेसन भाजताना हात थांबवता येत नाही, तसंच. आधी पांढरट, मग साजूक तुपासारखा पिवळसर, मग भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग. शेंगदाण्याच्या टप्प्यावर असा खमंग वास सुटतो की आपला हात आपोआप गॅस बंद करायला जातो. पण केजन माणूस तिथे थांबत नाही. तो आणखी वीस-पंचवीस मिनिटं ढवळतो. रंग विटेचा होतो, मग वितळलेल्या चॉकलेटचा. वासातला गोडवा जाऊन किंचित कडसर धुरकटपणा येतो. त्याच क्षणी चिरलेला कांदा-सेलरी-मिरची आत जाते, चर्र असा मोठा आवाज होतो आणि भाजणं थांबतं. त्यानंतर एक मिनिट जरी उशीर झाला तरी काळे ठिपके दिसू लागतात. काळे ठिपके दिसले की सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. दुसरा उपाय नाही.

आता गंबो. गंबो हा या प्रदेशाचा मुख्य पदार्थ, आमटी आणि रस्सा यांच्या मधला कुठला तरी, आणि मध्ये भाताची मूद. त्याला दाटपणा तीन गोष्टींनी येतो: रू, भेंडी किंवा फिले. भेंडी आफ्रिकेतून आली. मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांत भेंडीला ‘की न्गोम्बो’च्या जवळचा शब्द आहे, गंबो हे नाव त्यातूनच आलं असं मानतात. फिले म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, ती चॉक्टॉ लोकांची देणगी. वाटी समोर आली की आधी रंग बघा. लालसर तपकिरी, त्यात खेकड्याची नांगी आणि कोळंबी असेल तर ते क्रिओल बाजूचं. जवळजवळ काळं, पातळसर, त्यात कोंबडी आणि अँडूई नावाचं धुरावलेलं डुकराचं सॉसेज असेल तर केजन. केजन घरांत भाताऐवजी किंवा भातासोबत बटाट्याच्या सॅलडचा गोळा त्यात टाकतात. मला ते आधी विचित्र वाटलं, आता त्याशिवाय चुकल्यासारखं होतं.

पर्यटकांच्या गर्दीच्या एका रस्त्यावर मी पहिल्या फेरीत जे गंबो खाल्लं, ते फिकट होतं आणि जिभेवर कच्च्या पिठाची चव राहिली. रंग फिकट आणि पीठ चवीला लागतंय, म्हणजे भाजायला वेळ दिलेला नाही. अशी वाटी पुढ्यात आली तर बाकीची ऑर्डर तिथे देऊ नका.

शुक्रवार: ट्रेमे आणि लीआ चेस यांचं घर

शुक्रवारी दुपारी जायचं ते ऑर्लिन्स अॅव्हेन्यूवरच्या ‘डूकी चेसेस’ला. १९४१ मध्ये सुरू झालेली ही जागा ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत आहे. लीआ चेस लग्न होऊन या घरात आल्या आणि सँडविचच्या या दुकानाचं त्यांनी शहरातलं पहिल्या दर्जाचं क्रिओल उपाहारगृह केलं. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका टेबलावर जेवणं कायद्याने गुन्हा होता, त्या काळात नागरी हक्क चळवळीतली माणसं इथे माडीवर एकत्र बसून जेवत आणि पुढचे बेत आखत. मार्टिन ल्यूथर किंग इथे जेवले आहेत. भिंतींवर आफ्रिकन-अमेरिकन चित्रकारांची चित्रं आहेत, ती लीआबाईंनी एकेक करून जमवलेली. २००५ च्या कॅटरिना वादळात पुराचं पाणी आत शिरलं. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईंनी जागा पुन्हा उभी केली. २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या. आता पुढची पिढी चूल सांभाळते.

इथलं गंबो क्रिओल: कोळंबी, खेकडा, हॅम आणि ‘शोरीस’ नावाचं तिखट सॉसेज. गोव्याच्या माणसाने हे नाव ऐकून थांबावं. स्पॅनिश चोरिसो न्यू ऑर्लिन्सला पोचला आणि शोरीस झाला, पोर्तुगीज शोरिसो गोव्यात पोचला आणि आपल्या बाजारात माळांनी लटकू लागला. एकाच घरची ही दोन भावंडं. पण एक सूचना: या गंबोत परंपरेने वासराचं मांसही पडतं. बीफ वर्ज्य असेल तर विचारून घ्या.

आणि जमलं तर एकदा ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी या. त्या दिवशी इथे ‘गंबो झेर्ब’ असतं. मोहरीचा पाला, कोलार्ड, बीटाचा पाला, शलजमाचा पाला, पालक, कोबी अशा भाज्या एकत्र शिजवायच्या आणि त्यांची संख्या विषमच हवी. लीआबाई नऊ घ्यायच्या. जितक्या भाज्या तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात, अशी समजूत आहे. मला पहिल्याच घासाला ऋषिपंचमी आठवली. फरक मोठा आहे, कारण यात मांसही असतं. पण पाच-सात-नऊ पाले निवडत बसलेल्या घरातल्या बायका दोन्हीकडे सारख्याच. या गुरुवारचं आरक्षण फार आधी संपतं.

शुक्रवार दुपारचा दुसरा मोठा मान बर्बन स्ट्रीटवरच्या १९०५ च्या ‘गॅलटुआज’चा. खालच्या मजल्यावर आरक्षण नसतं, सकाळपासून रांग लागते आणि एकदा टेबल मिळालं की लोक संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. शहराची जुनी घराणी नटूनथटून जेवायला येतात ते बघण्यासारखं असतं. संध्याकाळी पुरुषांना जॅकेट लागतं. कोळंबी रेमुलाड (झणझणीत सॉसमधली कोळंबी) आणि फुग्यासारखे फुगलेले सूफ्ले बटाटे मागवा. पण एकच शुक्रवार हातात असेल तर मी डोळे मिटून डूकी चेसेस निवडेन.

रात्री ‘कॅफे दु मोंद’. १८६२ पासून डेकेटर स्ट्रीटवर उभं असलेलं हे ठिकाण सकाळपेक्षा रात्री उशिरा सुखाचं, रांग कमी असते. एका बशीत तीन बेन्ये येतात: चौकोनी, फुगलेले, तळलेले आणि पिठीसाखरेच्या डोंगराखाली गाडलेले. काळे कपडे घालू नका आणि घास घेताना श्वास आत ओढू नका, साखर थेट घशात जाते. सोबत चिकोरी घातलेली कॉफी, निम्मं गरम दूध. अमेरिकन यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा चिकोरीची भाजलेली मुळं मिसळून ती पुरवायची सवय इथे पक्की झाली. माटुंग्याच्या उडप्याकडे फिल्टर कॉफी प्यालेल्या माणसाला ही चव ओळखीची वाटेल, कारण तिच्यातही चिकोरी असते. अमेरिकेत इतकी घरची वाटलेली कॉफी मला दुसरीकडे मिळालेली नाही.

शनिवार: गाडी काढा, पश्चिमेला जा

खरं केजन जेवण न्यू ऑर्लिन्समध्ये नाही, ते आय-टेन महामार्गाने पश्चिमेला दोन तासांवर आहे. ह्यूस्टनहून गाडीने येणाऱ्यांच्या तर हे वाटेवरच लागतं, त्यांनी जाताना किंवा येताना थांबावं. बॅटन रूज मागे पडलं की अचाफलाया दलदलीवरचा पूल सुरू होतो. जवळजवळ २९ किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी सायप्रसची झाडं आणि त्यांच्यावर लोंबणारं राखाडी शेवाळ.

सकाळी लवकर निघून ब्रो ब्रिज या छोट्या गावात थांबा. ‘बक अँड जॉनीज’मध्ये शनिवारी सकाळी झायडेको ब्रेकफास्ट असतो. अॅकॉर्डियन आणि छातीवर अडकवलेल्या पत्र्याच्या फ्रॉट्वारवर ताल, आणि सत्तरीची जोडपी सकाळी नऊला नाचत असतात. ऑम्लेटवर किंवा भातावर क्रॉफिश एटूफे मागवा. एटूफे म्हणजे झाकून, दाबून शिजवलेलं. दाट, लोण्याचा, तांबूस रस्सा.

क्रॉफिशला मराठीत नेमका शब्द नाही. दिसायला बोटाएवढी शेवंड, पण गोड्या पाण्यातली. इथल्या भाताच्या शेतीची पद्धत मला फार आवडते. भात कापून झाला की त्याच खाचरात पुन्हा पाणी सोडतात आणि धसकटांवर क्रॉफिश वाढतात. भातखाचरातले मुठे पकडून खाल्लेल्या कोकणी माणसाला यात नवल वाटणार नाही. हंगाम साधारण जानेवारीच्या अखेरीपासून जूनपर्यंत, आणि मार्च-एप्रिल-मे हे भराचे महिने. हंगामाबाहेर ‘उकडलेले क्रॉफिश’ची पाटी दिसली तर पुढे चाला.

उकडलेले क्रॉफिश पौंडावर मिळतात. मका, बटाटे आणि लसणाचे अख्खे गड्डे त्याच मसाल्याच्या पाण्यात उकडून ट्रेवर ओततात. खायची रीत अशी: एका हातात डोकं, दुसऱ्यात शेपटी. पिळा आणि ओढा, दोन भाग वेगळे होतात. शेपटीचं पहिलं कडं नखाने काढा, मग टोकाशी चिमटा काढून ओढलं की मांस अख्खं बाहेर येतं. मधली काळी शीर काढून टाका. डोकं फेकू नका, त्यातला पिवळा रस चोखायचा असतो. कुर्ल्यांच्या नांग्या चोखत वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. मसाल्याचे हात डोळ्यांना लावू नका. माणशी तीन पौंड ऐकायला खूप वाटतात, पण टरफलंच जास्त असतात.

तिथून पुढे लफायेतच्या कडेला स्कॉट नावाचं गाव आहे. तिथे ‘बेस्ट स्टॉप’ किंवा ‘बिलीज’मध्ये बूदां घ्या. भात, डुकराचं मांस, काळीज आणि कांद्याची पात एकत्र करून आतड्याच्या आवरणात भरून वाफवलेलं. ही दुकानं म्हणजे गावची खाटीकखाना-कम-वाणसामान दुकानं, त्यात बसायची ऐट नसते. कागदात गुंडाळलेलं गरम बूदां घ्यायचं, गाडीला टेकून उभं राहायचं, एक टोक तोंडाला लावून आतला भात दातांनी पिळून घ्यायचा आणि आवरण टाकून द्यायचं. भाताच्या या दमट, मिरेदार चवीसाठी मी दोन तास गाडी चालवते आणि दर वेळी ते सार्थकी लागतं.

गाडी नसेल तर शहरातच चॉपिटूलस स्ट्रीटवर ‘कोशाँ’ आहे. शेफ डॉनल्ड लिंक हे याच केजन मुलखातले, त्यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. नावाचा अर्थच डुक्कर, तेव्हा काय मिळेल ते उघड आहे. लाकडाच्या भट्टीतली कालवं चुकवू नका.

क्रिओल आणि केजन यांची मेनूवरची गल्लत कुठून सुरू झाली, तेही इथेच सांगते. पॉल प्रुडोम हे ओपलूसस गावचे केजन शेफ. १९७० च्या दशकात ते न्यू ऑर्लिन्सच्या नामवंत क्रिओल ‘कमांडर्स पॅलेस’च्या स्वयंपाकघरात आले, मग १९७९ मध्ये फ्रेंच क्वार्टरमध्ये त्यांनी स्वतःचं ‘के-पॉल्स’ काढलं. धगधगत्या बिडाच्या तव्यावर लोणी आणि मसाला लावून काळपट भाजलेला रेडफिश त्यांनी असा लोकप्रिय केला की देशभर त्याची मागणी वाढली आणि शेवटी त्या माशाच्या पकडीवर सरकारला निर्बंध आणावे लागले. के-पॉल्स २०२० मध्ये बंद झालं. ‘केजन’ शब्द मात्र तेव्हापासून चिप्सच्या पाकिटापर्यंत पोचला.

रविवार: ट्राम, ब्रंच, पोबॉय, गोळा

सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम १८३५ पासून चालू असलेल्या मार्गावर धावते. ओकच्या कमानींखालून, जुन्या वाड्यांसमोरून जाते, आणि तिकीट अगदी किरकोळ. वॉशिंग्टन अॅव्हेन्यूला उतरून दोन-तीन मिनिटं चाललं की जुन्या दफनभूमीसमोर निळसर रंगाची मोठी इमारत दिसते, तीच कमांडर्स पॅलेस. शनिवार-रविवारी जॅझ ब्रंच असतो. तीन माणसांचा वाद्यवृंद टेबलाटेबलावर फिरतो आणि तुमच्या पसंतीचं वाजवतो. अर्ध्या चड्ड्या आणि टी-शर्ट चालत नाहीत. कासवाचं सूप ही इथली खूण. ज्यांना ते नको त्यांनी गंबो घ्यावं. पण ब्रेड पुडिंग सूफ्ले जेवण मागवतानाच सांगून ठेवा, त्याला वेळ लागतो. शिळ्या पावाचं पुडिंग इतकं हलकं होऊ शकतं, हे चमचा आत गेल्याशिवाय पटत नाही.

दुपारी, मार्च ते ऑक्टोबरमध्ये असाल तर, चॉपिटूलसवरचं ‘हॅन्सन्स स्नो-ब्लिझ’. १९३९ पासून चाललेलं हे बर्फाच्या गोळ्याचं दुकान. अर्नेस्ट हॅन्सन यांनी बर्फ किसायचं यंत्र स्वतः बनवलं आणि त्यांच्या पत्नी मेरी सरबतं घरी करायच्या. आता नात चालवते. गिरगाव चौपाटीवरच्या गोळ्याचा बर्फ दातांखाली कुरकुरतो, हा भुरभुरत्या बर्फासारखा विरघळतो. ‘नेक्टर क्रीम’ मागा.

पोबॉय हे इथलं सँडविच रविवारीच खाऊन घ्या, कारण सोमवारी चांगली ठिकाणं बंद असतात. १९२९ मध्ये ट्राम कामगारांचा संप झाला तेव्हा मार्टिन बंधूंनी, जे पूर्वी स्वतः ट्रामवर होते, संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायचं ठरवलं. कामगार येताना दिसला की ‘आला बघा आणखी एक पुअर बॉय’, तोच पोबॉय. बायू सेंट जॉन या संथ प्रवाहाच्या काठची ‘पार्कवे बेकरी’ १९११ पासूनची. पाव बाहेरून कुरकुरीत, आत कापसासारखा, आणि त्यात गरम तळलेली कोळंबी ओसंडून पडेल इतकी. ‘ड्रेस्ड’ म्हटलं की कोबीसारखा चिरलेला लेट्युस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयोनीज घालून देतात. दोघांत एक पुरतो.

शाकाहारी मंडळींसाठी, स्पष्ट

गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही: हे जेवण मुळात मांसाहारी आहे आणि मांस दिसत नाही तिथेही असतं. राजम्यात हॅम किंवा खारवलेलं डुक्कर असतं. हिरव्या पाल्यांत असतं. मक्याच्या ‘माक शू’मध्ये बेकन असू शकतं. बटाट्याच्या फ्राइजचा पोबॉय शाकाहारी वाटतो, पण त्यावर बीफचा रस्सा ओततात. ‘मीट नाही ना?’ असं विचारून भागत नाही, ‘स्टॉक कशाचा, तेल की चरबी, ग्रेव्ही वेगळी ठेवाल का’ हे तीन प्रश्न विचारा. माणसं मनापासून उत्तर देतात.

मग खायचं काय? बेन्ये, तळलेली भेंडी, हिरव्या टोमॅटोचे काप, चीज घातलेले ग्रिट्स (आपल्या मक्याच्या कण्या), ब्रेड पुडिंग, ‘ब्रेनन्स’मध्ये १९५१ साली जन्मलेलं, टेबलाशी पेटवून देतात ते केळ्यांचं बनानाज फॉस्टर. फ्रेंच मार्केटमधल्या ‘मील्स फ्रॉम द हार्ट कॅफे’त वीगन गंबो मिळतं. एक संध्याकाळ मॅगझिन स्ट्रीटवरच्या ‘सॅफ्रन नोला’साठी राखा. विल्खू हे पंजाबी कुटुंब ते चालवतं. तिथे गंबोला आपला मसाला लागतो, शाकाहारी पदार्थही मुबलक, आणि एकाच टेबलावर आजोबांना भाजी आणि नातवाला मासे असं सगळ्यांचं निभतं. मासे चालणाऱ्यांनी त्याच रस्त्यावरचं सेनेगाली ‘डकार नोला’ही लक्षात ठेवावं. गंबोचं आफ्रिकेतलं माहेर तिथल्या जेवणात उलगडतं. आरक्षण महिनाभर आधी करा.

सोमवार: राजमा-भात आणि परतीची पिशवी

सोमवारी दुपारी पॉयड्रास स्ट्रीटवरच्या ‘मदर्स’मध्ये, किंवा वाटेत दिसलेल्या, फळ्यावर खडूने ‘रेड बीन्स’ लिहिलेल्या कुठल्याही साध्या खानावळीत जा. इथे मी नावाचा हट्ट धरत नाही. निम्मा राजमा पळीने चेचून रस्सा दाट केलेला असावा, दाणा जिभेने दाबला की फुटावा. वर लुइझियानाचा क्रिस्टल हॉट सॉस शिंपडा. आपल्या राजम्यात आलं-टोमॅटो-गरम मसाला पुढे असतो, इथे तमालपत्र, सेलरी आणि धूर. पण भाताच्या कडेला साचलेला तो दाट रस बोटांनी निपटावासा वाटतो, ते मात्र अगदी तसंच.

बिलावर सुमारे दहा टक्के कर आणि वर अठरा-वीस टक्के टिप धरून हिशेब करा. पोबॉय किंवा राजम्याची थाळी वीस डॉलरच्या आत बसते. जुन्या क्रिओल घराण्यांत रात्रीचं जेवण त्याच्या चार-पाच पटीत जातं. म्हणून मोठी जागा चार दिवसांत एकच, आणि तीही दुपारी.

निघताना पिशवीत काय घ्यायचं: कमेलिया कंपनीचा लाल राजमा, चिकोरी कॉफीचा डबा, पिकन हा सुकामेवा घातलेल्या प्रॉलीन नावाच्या गोड वड्या. प्रॉलीनला चिक्की समजू नका, ती दाताखाली मोडत नाही, रवाळ कलाकंदासारखी विरघळते. दोन-तीन दिवसांत संपवा, दमट हवेत चिकट होते. हॉट सॉस चेक-इन सामानात. आणि फिलेची एक छोटी बाटली घ्या, गंबो घरी केल्यावर लागेल. ती भांडं आचेवर असताना घातली तर रस्सा तारेसारखा चिकट होतो. गॅस बंद करून, वाटीत वाढल्यावर वरून चिमूटभर.